ऑथरवर दिसतं ते गिऱ्हाईकाला दिसतंच असं नाही: एईएमवर पान लाइव्ह करण्याचा क्रम

"पान पब्लिश केलंय, माझ्याकडे नवं दिसतंय, पण सुरतेचा डीलर म्हणतो त्याला जुनाच भाव दिसतोय." हा फोन मला इतक्या वेळा येतो की समोरच्याचं बोलणं संपायच्या आधीच मी विचारतो, "कुठल्या खिडकीत बघताय?" उत्तर ठरलेलं असतं. ऑफिसातल्या वायफायवर, लॉगिन केलेल्या ब्राउझरमध्ये, ऑथरवर, म्हणजे जिथे पान लिहिलं तिथेच.

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीच्या (औद्योगिक वसाहतीच्या) पट्ट्यात डीलरांचं जाळं असलेल्या बऱ्याच कंपन्या आहेत. तिथल्या मजकूर चढवणाऱ्या मुलामुलींना मी एईएम, म्हणजे अ‍ॅडोबी एक्सपिरिअन्स मॅनेजर शिकवतो. वेबसाइटची पानं तयार करून लाइव्ह करायची ही प्रणाली. बडोद्यातल्या या टीम अर्ध्या मराठी, अर्ध्या गुजराती. साइट चार भाषांत, आणि चुका मात्र सगळीकडे त्याच. बटणं कुठं आहेत हे सगळ्यांना ठाऊक असतं, कामाचा क्रम चुकतो. म्हणून इथे क्रमच सांगतो. तुमच्याकडे साइटकोअर किंवा ड्रुपलसारखी दुसरी प्रणाली असेल तर बटणांची नावं वेगळी असतील, टप्पे बहुतेक हेच राहतील.

सुरू करण्याआधी एवढं डोक्यात पक्कं बसू द्या. एईएममध्ये तुमचं पान तीन ठिकाणी असतं. पहिलं ऑथर, जिथे तुम्ही लिहिता. दुसरं पब्लिश, जिथे तयार पान जातं. तिसरं डिस्पॅचर, जो पब्लिशसमोर उभा राहून पानाची प्रत स्वतःजवळ ठेवतो आणि गिऱ्हाईकाला तीच देतो. दांडिया बाजारातल्या एखाद्या दुकानासारखं समजा: मागे कारखाना, पुढे दुकान आणि रस्त्याच्या तोंडाला काचेचं कपाट. कारखान्यात नवा माल झाला म्हणून कपाटातला जुना आपोआप बदलत नाही, आणि रस्त्यावरचा माणूस बघतो ते कपाटच. एईएमच्या क्लाउड सर्व्हिसमध्ये कपाटाच्याही पुढे सीडीएनचा, म्हणजे ठिकठिकाणी प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरांच्या जाळ्याचा, आणखी एक थर असतो.

## टप्पा १: एईएम उघडण्याआधी पानांची यादी

साधी एक्सेल शीट चालेल. दर पानाला एक ओळ: आजचा पत्ता (यूआरएल), नवा पत्ता, भाषा, मजकूर कुणाचा, मंजुरी कुणाची, पानावर फॉर्म आहे का, पीडीएफ कुठल्या. यापुढे आणखी एक रकाना हवा, जो कुणीच करत नाही: हा पत्ता कागदावर कुठे कुठे छापलाय?

तो रकाना मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका कंपनीच्या पंपांच्या खोक्यावर क्यूआर कोड होता. तो स्कॅन केला की बसवण्याची पुस्तिका उघडायची. साइट नीटनेटकी करायच्या भरात मी 'डाउनलोड' विभागातली पानं 'सपोर्ट'खाली हलवली. मेनू छान दिसायला लागला. आठवड्याभराने गोदामातून फोन आला, "साहेब, खोक्यावरचं काहीच उघडत नाही." गोदामात जाऊन बघितलं तर छतापर्यंत खोकी रचलेली, आणि प्रत्येकावर तोच मेलेला पत्ता. रीडायरेक्ट, म्हणजे जुना पत्ता नव्याकडे वळवणारी सोय, टाकायला दहा मिनिटं लागली, पण मधल्या आठवड्यात किती मिस्त्री पुस्तिकेविना पंप बसवून गेले, देव जाणे.

तेव्हापासून खोकी, व्हिजिटिंग कार्डं, डीलरकडचे बोर्ड, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी पत्रकं, वॉरंटी कार्ड हे सगळं विचारून तो रकाना भरतो. माहिती मार्केटिंगकडे मिळेलच असं नाही. गोदामात आणि डिस्पॅचवाल्यांकडे हमखास मिळते. (डिस्पॅच म्हणजे इथे माल पाठवणारा विभाग, वरचा डिस्पॅचर नव्हे. हा घोळ आमच्या वर्गात दरवेळी होतो.)

तपासा: यादीतल्या प्रत्येक ओळीत मंजुरी देणाऱ्या एका माणसाचं नाव आहे का? "मार्केटिंग" हे माणसाचं नाव नव्हे.

## टप्पा २: मजकूर स्वच्छ करणं

इथे बडोद्यातल्या टीमचा सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि वेळ द्यायला हवा तोही इथेच.

गुजराती आणि मराठी मजकूर बहुधा छापखान्यातून येतो. माहितीपत्रक वर्षानुवर्षं तिथेच तयार झालेलं असतं, जुन्या फॉन्टमध्ये: मराठीसाठी श्रीलिपी, गुजरातीसाठी टेराफॉन्टसारखे. हे फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या एकाच अक्षर-पद्धतीचे, नाहीत. पडद्यावर अक्षर 'क' दिसतं, पण आत साठवलेलं असतं भलतंच रोमन अक्षर किंवा चिन्ह. फाइल उघडलेल्या संगणकावर तो फॉन्ट असेल तोवर सगळं छान. एईएममध्ये पेस्ट केलं की रोमन अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हांची खिचडी.

यावर दोन गैरसमज आहेत. पहिला: "डेव्हलपरला सांगा, फॉन्ट साइटवर टाकून देईल." टाकला तर डोळ्यांना वाचता येईल, पण गूगलला, साइटवरच्या शोधाला आणि अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरला ती खिचडीच राहील. दुसरा: "कन्व्हर्टरमधून काढलं, झालं." कन्व्हर्टर वापराच, पण जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी हमखास निसटतात. 'वॉरंटी'चं 'वारंटी' झालेलं कुणाच्या लक्षात येत नाही, आणि मॉडेल नंबरमधला आकडा बदललेला तर त्याहून नाही. आकड्यांचे फॉन्टही तसेच असतात: मूळ कागदावर गुजराती ५ असतो, बाहेर पडताना भलतंच काही होऊन बसतं.

क्रम असा ठेवा:

१. कन्व्हर्टरमधून काढलेला मजकूर आधी साध्या नोटपॅडमध्ये टाका. तिथे नीट दिसला तर तो युनिकोड आहे.

२. ज्याची ती मातृभाषा आहे अशा माणसाकडून मूळ कागद शेजारी धरून वाचून घ्या. आकडे मोठ्याने वाचायचे.

३. मगच एईएममध्ये, आणि तोही 'साधा मजकूर म्हणून पेस्ट' याच पर्यायाने. वर्डमधून थेट पेस्ट केलं की वर्डचे रंग, अंतरं आणि फॉन्टची नावंही आत घुसतात. मग एकच परिच्छेद बाकीच्यांपेक्षा बारीक का दिसतो, याचं उत्तर कुणाला सापडत नाही.

४. मथळे, ठळक शब्द, याद्या एईएमच्या आत पुन्हा द्या. कंटाळवाणं काम आहे. करा.

इशारा: इंग्रजी बटणावर 'क्वोट' एवढंच असतं, गुजरातीत आणि मराठीत ते 'दरपत्रक मागवा' होतं. बटणं, टॅब आणि मेनूतले शब्द मोबाइलवर बघून ठरवा. ते कापले जात असतील तर डेव्हलपरला आत्ताच सांगा, लाइव्हच्या आदल्या रात्री नको.

## टप्पा ३: भाषा आणि राज्यं कशी मांडायची

एईएममध्ये एकसारखी पानं तयार करायच्या दोन वेगळ्या सोयी आहेत, आणि लोक त्यांची सर्रास सरमिसळ करतात.

लँग्वेज कॉपी ही भाषांतरासाठी. इंग्रजी पानावरून गुजराती पानाचा सांगाडा तयार होतो, मजकूर तुम्ही भाषांतरित करता.

लाइव्ह कॉपी ही एकाच भाषेतला मजकूर अनेक ठिकाणी लागतो तेव्हा. मूळ पान बदललं की रोलआउट करायचं, बदल सगळ्या प्रतींमध्ये उतरतात. मराठी पानं महाराष्ट्राच्या विभागात हवीत आणि मध्य प्रदेशच्या विभागातही हवीत, तर मराठीचं एक मूळ ठेवा आणि दोन लाइव्ह कॉप्या काढा.

आता चूक. कुणीतरी गुजराती विभागच इंग्रजीची लाइव्ह कॉपी म्हणून तयार करतो, त्यात हाताने गुजराती भरतो. तीन महिने ठीक चालतं. मग कुणी इंग्रजी पानात एक स्वल्पविराम बदलून रोलआउट दाबतो आणि जिथे मूळ पानाशी असलेला दुवा (वारसा) तोडलेला नाही तिथे इंग्रजी येऊन बसतं.

लाइव्ह कॉपीतला एखादा भाग त्या राज्यापुरता वेगळा ठेवायचा असेल, उदाहरणार्थ सर्व्हिस सेंटरचा पत्ता, तर त्या कंपोनंटपुरता (पानाच्या त्या तुकड्यापुरता) वारसा तोडा.  अख्ख्या पानाचा वारसा तोडू नका, नाहीतर पुढची सुरक्षा सूचना त्या पानावर कधीच पोहोचणार नाही.

मी वापरतो ती मांडणी सोपी आहे: वर भाषांची मुळं, खाली प्रत्येक विभाग, विभागात त्याच्या भाषा. पहिल्या दिवशी हे उगाच लांबण वाटतं. तिसरं राज्य जोडायची वेळ आली की कळतं कशासाठी केलं.

तपासा: रोलआउट दाबण्याआधी कोणकोणत्या प्रतींवर परिणाम होणार ती यादी एईएम दाखवतं. ती वाचा. "थई जशे" (होऊन जाईल) म्हणत पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: पान बांधणं

नाव आणि शीर्षक वेगळे आहेत. शीर्षक वाचकाला दिसतं, नावातून पत्ता तयार होतो. नावाची चौकट रिकामी सोडली की एईएम शीर्षकावरून नाव बनवतं, आणि शीर्षक गुजरातीत किंवा मराठीत असेल तर धड पत्ता निघत नाही. नाव हाताने द्या: रोमन लिपी, लहान अक्षरं, शब्दांमध्ये आडवी रेघ. वर्ष किंवा 'नवीन' असले शब्द पत्त्यात घालू नका. 'नवीन' पुढच्या दिवाळीला जुनं होतं आणि पत्ता तोच राहतो.

तीच गोष्ट तीनपेक्षा जास्त पानांवर असेल तर ती पानावर लिहू नका. कस्टमर केअरचा फोन नंबर घ्या. चाळीस पानांवर हाताने टाकला असेल तर बदलताना अडतीस पानांवर बदलला जातो. यासाठी फ्रॅगमेंट आहेत. कंटेंट फ्रॅगमेंट म्हणजे नुसता मजकूर, दिसण्याशी संबंध नाही: मॉडेलची माहिती, भाव, वॉरंटीच्या अटी. एक्सपिरिअन्स फ्रॅगमेंट म्हणजे मांडणीसकट तयार तुकडा: पानाचा तळ, सणाच्या ऑफरची पट्टी. मी एकच प्रश्न विचारतो: हाच मजकूर उद्या मोबाइल अ‍ॅपलाही द्यायचाय का? हो असेल तर कंटेंट फ्रॅगमेंट.

चित्रांना पर्यायी मजकूर (चित्र न दिसणाऱ्यासाठी त्याचं वर्णन) त्या त्या पानाच्या भाषेत द्या. 'आयएमजी २०३' हा पर्यायी मजकूर नव्हे. टॅग नवीन बनवण्याआधी आधीचे शोधा, नाहीतर 'पंप', 'पंप्स' आणि 'वॉटर पंप' असे तीन टॅग होतात आणि शोधात एकातही सगळा माल दिसत नाही.

## टप्पा ५: कुणाला काय करता येईल

थोडक्यात. परवानग्या माणसाला देऊ नका, गटाला द्या, आणि माणूस गटात घाला. लिहिणारा गट आणि पब्लिश करणारा गट वेगळे ठेवा. ज्याला पब्लिशची परवानगी नाही त्याने पब्लिश मागितलं की ती विनंती वर्कफ्लोतून (कामाच्या ठरवलेल्या साखळीतून) मंजुरी देणाऱ्याकडे जाते. मंजुरी देणारा रजेवर असेल तर दुसरं नाव आधीच ठरलेलं हवं. नवरात्रात संध्याकाळी सहानंतर बडोद्यात कुणीही मंजुरी देत नाही, हे गृहीत धरून चाला.

## टप्पा ६: पब्लिश, पण आधी काय आणि मग काय

फोन येतात ते इथूनच.

पान एकटं नसतं. त्यावर चित्रं आहेत, फ्रॅगमेंट आहेत, टॅग आहेत, आणि पान ज्या टेम्प्लेटवर (साच्यावर) उभं आहे ते टेम्प्लेट आहे. यातली प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे पब्लिश व्हावी लागते. ऑथरवर सगळं हजर असतं, त्यामुळे तिथे काहीच कमी दिसत नाही. पब्लिशवर चित्र पोहोचलं नसेल तर गिऱ्हाईकाला मोकळी चौकट दिसते. टेम्प्लेट नवीन असेल आणि पोहोचलं नसेल तर पानाचा सांगाडाच नीट उभा राहत नाही. टॅग पोहोचला नसेल तर पान ठीक दिसतं, मात्र त्या टॅगच्या यादीत सापडत नाही. तिसरा प्रकार सगळ्यात वाईट, कारण पान उघडून बघणाऱ्याला तो कधीच कळत नाही.

म्हणून आतून बाहेर जा:

१. नवीन टेम्प्लेट असेल तर ते आणि त्याची धोरणं (त्या साच्यात काय चालेल याचे नियम). हे डेव्हलपरकडून करून घ्या.

२. टॅग.

३. चित्रं, पीडीएफ, कंटेंट फ्रॅगमेंट.

४. एक्सपिरिअन्स फ्रॅगमेंट.

५. पानं.

६. शेवटी ज्या पानांवरून या पानांकडे लिंक जाते ती: विभागाचं मुख्य पान, होमपेज. उलट केलं तर काही मिनिटं मेनूतली लिंक हवेत लोंबकळते, आणि त्याच काही मिनिटांत संचालक साहेब साइट उघडतात. का, ते विचारू नका.

क्विक पब्लिश आणि मॅनेज पब्लिकेशन यात गल्लत करू नका. क्विक पब्लिश निवडलेलं पानच पाठवतं, त्याखालची पानं नाही. 'उत्पादनं' या पानावर क्विक पब्लिश दाबून त्याखालची साठ पानं गेली असं समजणारे मी दरवर्षी बघतो. मॅनेज पब्लिकेशनमध्ये खालची पानं घ्यायची की नाही, सोबत कोणकोणते संदर्भ (चित्रं, फ्रॅगमेंट वगैरे) जाणार, आत्ता की नंतर, हे सगळं समोर येतं. एकाच पानातली शुद्धलेखनाची चूक असेल तर क्विक पब्लिश. बाकी सगळ्याला मॅनेज पब्लिकेशन.

वेळ लावून पान लाइव्ह करताना पानाच्या गुणधर्मांत ऑन टाइम आणि ऑफ टाइम भरता येतात. ऑन टाइम भरला म्हणजे पान निघालं असं समजू नका. पान पब्लिश झालेलं असावं लागतं, त्या वेळेपर्यंत ते झोपून राहतं. आणि ऑफ टाइम उलटल्यावरही डिस्पॅचरच्या कपाटात जुनी प्रत उरलेली असू शकते. म्हणून संपलेली ऑफर दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरून बघायचीच.

मोठा बदल, म्हणजे पूर्ण विभाग नवा करायचा असेल, तर चालू पानावर हात लावू नका. लाँच काढा. चालू पानांची वेगळी प्रत तयार होते, तिच्यावर आठवडाभर काम करा, ठरल्या दिवशी ती मूळ जागी बढती करून आणा. चालू पान अर्धवट बदलून "पब्लिश करू नका हं कुणी" असं चॅटच्या गटावर लिहिणं म्हणजे गॅस चालू ठेवून चिठ्ठी चिकटवण्यासारखं. कुणीतरी दुसऱ्या कारणासाठी तेच पान पब्लिश करतोच.

थांबा: 'पब्लिश केल्यासारखं पाहा' हा पर्यायसुद्धा ऑथरवरच चालतो. संपादनाच्या पट्ट्या तेवढ्या लपतात. त्यावर विसंबून "बघितलं" म्हणू नका. मूळ मांडणीत ऑथर ४५०२ या पोर्टवर असतो आणि पब्लिश ४५०३ वर. तुमच्याकडे पत्ते वेगळे असतील, पण ऑथर आणि पब्लिश दोन्हींचे पत्ते मॉनिटरच्या कडेला लिहून ठेवा.

## टप्पा ७: काचेचं कपाट

पब्लिश झालं, पब्लिशवर नवं दिसतंय, तरी बाहेर जुनं. आता डिस्पॅचर.

पान पब्लिश झालं की त्याच्या पत्त्याची कपाटातली प्रत बाद करण्याचा निरोप डिस्पॅचरला जातो. इथपर्यंत सरळ. पण समजा तुम्ही पान बदललंच नाही, फोन नंबरचा फ्रॅगमेंट बदलला. निरोप फ्रॅगमेंटच्या पत्त्यासाठी गेला. फ्रॅगमेंट एका फोल्डरमध्ये, तो वापरणारी चाळीस पानं दुसऱ्याच फोल्डरमध्ये. त्या पानांच्या प्रती बाद होतील की नाही, हे डिस्पॅचरमधल्या स्टॅटफाइल्सलेव्हल या आकड्यावर ठरतं. तो शून्य असेल तर एका निरोपाने आपोआप बाद होण्याच्या यादीतल्या सगळ्या प्रती शिळ्या ठरतात: पानं ताजी राहतात, पण प्रत्येक छोट्या बदलानंतर पब्लिशवर भार येतो. आकडा वाढवला की बाद होण्याचा पल्ला त्या फोल्डरपुरता आक्रसतो, आणि मग वेगळ्या फोल्डरमधला फ्रॅगमेंट बदलला तरी पानं जुनीच राहतात. तुमच्याकडे आकडा किती आहे हे डेव्हलपरला विचारा, आणि फ्रॅगमेंट बदलल्यावर काय करायचं ते त्याच्याकडून लिहून घ्या. अर्ध्या पानाची चिठ्ठी पुरते.

दोष कुठल्या थरात आहे हे मजकूर चढवणाऱ्यालाही पाच मिनिटांत शोधता येतं:

१. ऑथरवर बघा. जुनं असेल तर तुमचा बदल जतनच झालेला नाही. इथे लाजायचं कारण नाही, होतं असं.

२. मोबाइलचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर, खाजगी खिडकीत पान उघडा. आता नवं दिसलं तर दोष तुमच्या ब्राउझरच्या साठवणीत होता.

३. तरी जुनं? पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि काहीही लिहा, समजा 'तपास=१'. असा पत्ता डिस्पॅचर मूळ सेटिंगमध्ये कपाटातून देत नाही, थेट पब्लिशला विचारतो. त्यामुळे प्रश्नचिन्हासह नवं आणि त्याशिवाय जुनं दिसलं, तर दोष कपाटात किंवा सीडीएनमध्ये. प्रश्नचिन्हासहही जुनंच, तर पान पब्लिशवर पोहोचलेलंच नाही. टप्पा ६ वर परत जा. (डेव्हलपरने असे शेपूट दुर्लक्षित करायची सेटिंग लावली असेल तर ही युक्ती चालत नाही. एकदा विचारून ठेवा.)

४. क्लाउड सर्व्हिसवर असाल तर आधी पाच मिनिटं थांबा. तिथे पानांसाठी साठवणीची मूळ मुदत ५ मिनिटांची असते आणि सीडीएन ती पाळतो. चहा घेऊन या, मग फोन करा.

हे चार प्रश्न विचारून मग डेव्हलपरकडे गेलात तर तो तुमच्याशी नीट बोलेल. "साइट चालत नाही" असं सांगून गेलात तर तो पहिलं वाक्य म्हणेल, "माझ्याकडे तर चालतेय."

इशारा: "सगळं कॅश (कपाटातल्या सगळ्या प्रती) साफ करा" ही मागणी भर दुपारी करू नका. सगळं कपाट रिकामं झालं की येणारं प्रत्येक गिऱ्हाईक थेट पब्लिशच्या दारात उभं राहतं. ऑफर सुरू असताना केलंत तर साइट मंदावते आणि दोष ऑफरच्या पानावर जातो.

## टप्पा ८: फॉर्म

ऑथरवर फॉर्म भरला, 'धन्यवाद' आलं, म्हणून सोडून दिलं. बाहेर गिऱ्हाईक बटण दाबतं आणि काहीच होत नाही. कारण डिस्पॅचर फक्त परवानगी दिलेल्या विनंत्याच आत सोडतो, आणि फॉर्म पाठवण्याची विनंती पान बघण्याच्या विनंतीहून वेगळ्या प्रकारची असते. तिच्यासाठी वाट उघडलेली नसेल तर ती दारातच अडते. ऑथरसमोर तो पहारा नव्हता.

म्हणून प्रत्येक फॉर्म बाहेरून, मोबाइलवरून, खऱ्या नावाने भरा. मग ज्याच्याकडे तो पोहोचायला हवा त्याला फोन करून विचारा, आला का. मेलच्या स्पॅममध्ये पडला असेल तर आत्ताच कळेल. गुजराती आणि मराठीत नाव भरून बघा. पलीकडच्या यादीत प्रश्नचिन्हं उमटत असतील तर दोष पुढच्या प्रणालीत आहे.

गिऱ्हाईकांची माहिती एईएमच्या पानांमध्ये साठवू नका. ती सीआरएमकडे, म्हणजे गिऱ्हाईकांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीकडे, गेली पाहिजे. आणि संमतीची सूचना नुसती इंग्रजीत ठेवून भागवू नका: डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय देण्याची तरतूद आहे. गुजराती, मराठी, हिंदी तिन्ही त्या परिशिष्टात आहेत. नेमके शब्द कंपनीच्या वकिलाकडून घ्या, स्वतः रचू नका.

## टप्पा ९: पान हलवणं किंवा काढणं

अनपब्लिश केलं की पान बाहेरून जातं, ऑथरवर राहतं. डिलीट केलं की ऑथरवरूनही जातं. बंद झालेलं मॉडेल डिलीट करू नका, कारण त्याचे सुटे भाग शोधणारा माणूस पुढची दहा वर्षं येत राहतो. पान ठेवा, वर 'हे मॉडेल बंद झालं आहे' लिहा आणि नव्या मॉडेलची लिंक द्या.

पान हलवताना एईएम विचारतं की आतल्या लिंका नव्या पत्त्याकडे वळवायच्या का, आणि ती पानं पुन्हा पब्लिश करायची का. दोन्हीला हो म्हणा. पण लक्षात ठेवा, हे फक्त साइटच्या आतल्या लिंकांपुरतं. गूगलमधल्या, डीलरच्या साइटवरच्या आणि खोक्यावर छापलेल्या पत्त्यांना याची खबर लागत नाही. त्यासाठी जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर ३०१ रीडायरेक्ट लागतो, आणि तो पान हलवण्याच्या *आधी* तयार हवा. टप्पा १ मधला तो रकाना इथे उघडा.

तपासा: जुन्या पत्त्याने थेट नव्याच पानावर जाता येतं ना? जुन्यावरून मधल्यावर, मधल्यावरून होमपेजवर अशी साखळी झाली असेल तर तोडा. सगळे जुने पत्ते होमपेजवर वळवणं ही पळवाट आहे. पुस्तिका शोधणाऱ्याला होमपेज काय कामाचं.

## टप्पा १०: लाइव्हचा दिवस

मंगळवार किंवा बुधवार, सकाळी दहा. शुक्रवार संध्याकाळ नको. १३ जानेवारी तर अजिबात नको: १४ आणि १५ला सगळं बडोदं गच्चीवर असतं, डेव्हलपरच्या हातात फिरकी असते आणि फोन खाली घरात वाजत असतो.

परतीची वाट आधी बघून ठेवा. पब्लिश करताना एईएम मूळ सेटिंगमध्ये पानाची आवृत्ती जपून ठेवतं, ती टाइमलाइनमध्ये दिसते. मोठ्या बदलाआधी स्वतःही एक आवृत्ती काढा आणि तिला कळेल असं नाव द्या. काही बिघडलं तर जुन्या आवृत्तीवर परत जाता येतं. पण परत जाणंसुद्धा ऑथरवरच होतं. जुनी आवृत्ती आणली, हुश्श केलं आणि चहाला गेलात, तर बाहेर बिघडलेलंच पान उभं आहे. आणा, पुन्हा पब्लिश करा, टप्पा ७ मधली तपासणी पुन्हा करा.

आता ऑफिसातल्या कुणालाही "बघ रे जरा" म्हणू नका. नाशिकच्या किंवा राजकोटच्या एखाद्या डीलरला फोन लावा आणि म्हणा, "काका, मोबाइलवर आपली साइट उघडा, पहिल्या पंपाचा मॉडेल नंबर आणि खालचा फोन नंबर मला वाचून दाखवा." ते चष्मा शोधतील, दोन मिनिटं जातील. शीट समोर ठेवा आणि ते वाचतील तसे आकडे जुळवत जा.